सुपारीवाचून अडकित्ते

माणसाला कसले वेड लागावे याला धरबंध नाही. कोणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कोणी नाणी जमवतो, कोणी काड्यापेट्यांवरची चित्रे. या लोकांना समाजात एक प्रकारची प्रतिष्ठा असते. तिकिटे जमवणारा मुलगा अभ्यासू समजला जातो आणि नाणी जमवणारा गृहस्थ इतिहासाचा जाणकार ठरतो. पण 'मी अडकित्ते जमवतो' असे चारचौघांत एकदा म्हणून पाहा. समोरचा मनुष्य प्रथम तुमच्या दातांकडे पाहतो. दात पांढरे दिसले की त्याचा गोंधळ अधिकच वाढतो.

"म्हणजे तुम्ही सुपारी खात नाही?"

"नाही."

"कधीतरी, जेवणानंतर?"

"कधीच नाही."

"मग अडकित्ते कशाला?"

गेली सोळा वर्षे हा प्रश्न मला विचारण्यात येत आहे. सासुरवाडीला विचारण्यात आला, महाविद्यालयात प्राचार्यांनी विचारला, आणि घरात तर तो रोजचाच आहे. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे असे, की घरात सत्तर धारदार हत्यारे आहेत आणि भाजी चिरायला धड सुरी नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु छंदाला तथ्याशी काय करायचे असते!

माझा धंदा मराठी शिकवण्याचा. त्यामुळे वस्तू हाती येण्यापूर्वी शब्द हाती आला. अडकित्ता हा शब्द आपल्याकडे कानडीतून आला. कानडीत सुपारीला 'अडके' किंवा 'अडिके' म्हणतात. तिला कातरणारा तो अडकित्ता. मल्याळीत हाच शब्द 'अडक्का' होतो, आणि तोच पोर्तुगीजांच्या जिभेवर बसून 'अरेका' होऊन युरोपात गेला. म्हणजे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जेव्हा सुपारीच्या झाडाला अरेका म्हणतो, तेव्हा तो बिचारा नकळत आपल्या अडकित्त्याच्या आतेभावालाच हाक मारीत असतो. हिंदीत या वस्तूला सरौता म्हणतात, गुजरातीत सूडी, बंगालीत जांती. मलायात तिला काचिप म्हणतात आणि सिंहलीत गिरय. जिथे जिथे सुपारीचे झाड गेले तिथे तिथे हे छोटे हत्यार तिच्या मागोमाग गेले, आणि प्रत्येक ठिकाणच्या लोहाराने त्याला आपल्या गावचे नाव आणि आपल्या गावचे रूप दिले.

मराठीत तर सुपारीने आपले निम्मे व्यवहार अडवून धरले आहेत. लग्न ठरले की सुपारी फुटते. तमाशाच्या फडाला सुपारी द्यायची. पूजेत गणपतीची मूर्ती नसली तर सुपारी मांडायची, आणि ती गणपतीच असते. पुढे मुंबईच्या गुंडांनी याच शब्दाला जो अर्थ दिला तो सर्वांना ठाऊक आहे. आणि दोन्ही बाजूंनी कोंडी झालेला मनुष्य आजही अडकित्त्यात सापडतो. ज्याने जन्मात अडकित्ता पाहिलेला नाही असा माझा विद्यार्थीसुद्धा परीक्षेच्या पेपरात हा वाक्प्रचार बिनचूक वापरतो. मी एकदा वर्गात अडकित्ता नेऊन दाखवला. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, हे अक्रोड फोडायचे आहे का?"

असो.

अडकित्ता हातात घेऊन पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दोन दांडे, आणि एका टोकाला त्यांना जोडणारा एक खिळा. कात्रीचा खिळा मध्ये असतो, अडकित्त्याचा टोकाला. सगळा फरक एवढाच, पण तो फार मोठा आहे. वरच्या दांड्याला खिळ्याजवळ पाते असते. खालच्या दांड्याला धार नसते. तो केवळ सुपारीला पाट देतो. सुपारी खिळ्यापासून दोन सेंटिमीटरवर आणि बोटे बारा सेंटिमीटरवर असली, तर बोटांचा जोर सहापट होऊन सुपारीवर पडतो. एरवी पाटा-वरवंट्यालाही दाद न देणारी पांढरी सुपारी म्हातारीच्या हातात मुकाट्याने फुटते ती यामुळे. माझी आजी सुपारी कातरताना सुपारीकडे पाहत नसे. नजर ओट्यावर आलेल्या माणसांवर, तोंडाने सर्वांची विचारपूस, आणि मांडीवरच्या तबकात कागदासारखी पातळ कातरणे पडत राहायची. बोलणे संपले की कातरणे थांबे. या दोन क्रियांत मूळ कोणती आणि निमित्त कोणते, हे मला आजतागायत ठरवता आलेले नाही.

अडकित्त्यांच्या जाती पुष्कळ. साधा लोखंडी अडकित्ता हा यांतला शेतकरी. पितळी अडकित्ता हा सरदार. त्याचे दांडे मोराचे असतात, पोपटाचे असतात, घोड्याचे असतात. कधी दोन दांडे म्हणजे एक स्त्री आणि एक पुरुष, आणि अडकित्ता मिटला की ती एकमेकांच्या मिठीत येतात. आमच्या पूर्वजांना रसिकता जेवणानंतरही सुटत नव्हती. पण सरदार झाला तरी पोटासाठी त्याला शेतकऱ्याकडेच यावे लागते. पितळी अडकित्त्यातही सुपारी कापणारे पाते पोलादाचेच असते. ते पितळेत बसवलेले असते. गुजरातेत जामनगरची सूडी नावाजलेली. बांधणी, सुरमा, कुंकू आणि सूडी ही त्या गावाची ख्याती आहे. माझ्याकडे तिथली एक आहे. तिच्या शेजारी आपला देशावरचा लोखंडी अडकित्ता ठेवला, की नटून लग्नाला निघालेल्या विहिणीशेजारी शेतावरून आलेला व्याही उभा राहावा तसे दिसते. मला व्याहीच अधिक आवडतो.

आमच्यासारखे वेडे पुण्यात पाच-सहा आहेत. आमच्या मंडळाला नाव नाही, घटना नाही, वर्गणी नाही. महिन्याच्या एका रविवारी कोणाकडे तरी जमायचे, प्रत्येकाने एकच अडकित्ता फडक्यात गुंडाळून आणायचा, आणि किती पैसे पडले ते शेवटी सांगायचे, एवढाच नियम. मंडळातले सर्वांत वडील म्हणजे एक निवृत्त पोस्टमास्तर. एक वकीलसाहेब आहेत. ते अडकित्त्याची सुद्धा उलटतपासणी घेतात. एका बहुराष्ट्रीय कंपनीत काम करणारी एक अभियंता मुलगी आहे. ती आमच्यात सर्वांत लहान आणि लोखंडातले सर्वांत जास्त तिलाच कळते. आणि एक दंतवैद्य आहेत. हो, दंतवैद्य. त्यांची हकीकत पुढे येईलच.

जुन्या बाजारात हिंडणे हा या छंदातला मोठा आनंदाचा आणि मोठ्या फसवणुकीचा भाग. मोडीच्या ढिगात कुलपे, कंदिलाच्या चिमण्या, सायकलच्या घंट्या यांच्या खाली एखादा गंजलेला दांडा दिसतो आणि काळजाचा ठोका चुकतो. मात्र चेहऱ्यावर काही दिसू द्यायचे नाही. आधी कुलपाची किंमत विचारायची, मग कंदिलाची, आणि उठता उठता, 'आणि हे काय आहे हो?' विकणारा आपल्यापेक्षा हुशार असतो. त्याला आपण कुलपासाठी बसलो नाही हे पहिल्या क्षणीच कळलेले असते.

हल्ली जुन्यासारखे दिसणारे नवे पितळी अडकित्ते पुष्कळ येतात. ओतकाम बरे असते, वरचा काळपटपणाही औषधे लावून साधलेला असतो. मग खरे कसे ओळखावे? वकीलसाहेबांची पद्धत अशी. नक्षीकडे पाहूच नका. मुठीच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवा. खऱ्या अडकित्त्यावर झीज एका बाजूला जास्त असते, कारण माणसाचा हात काही दोन्ही बाजूंना सारखा नसतो. कारखान्यात झीज आणता येते, पण ती सगळीकडे सारखी येते. दुसरी खूण पात्यावर. सुपारीत टॅनिन असते आणि त्याचा लोखंडाशी संयोग झाला की निळसर काळा डाग पडतो, तो धुऊन जात नाही. हिरडा आणि हिराकस यांच्यापासून पूर्वी शाई करीत असत, तिच्यामागचे रसायनही हेच. म्हणजे अडकित्त्याच्या पात्यावर वर्षानुवर्षे शाईच चढत असते. हौशी मंडळी चिंच आणि राख लावून तो डाग घासून काढतात आणि लखलखीत अडकित्ता दिवाणखान्यात ठेवतात. पोथी धुऊन वाळत घालण्यासारखाच हा प्रकार.

या वेडाला आपल्याकडे एक थोर वंशावळ आहे. पुण्याचे दिनकर केळकर यांचे नाव कोणाला ठाऊक नाही? हे गृहस्थ 'अज्ञातवासी' या नावाने कविता करीत. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू गोळा करण्यास आरंभ केला आणि १९९० साली निधन होईपर्यंत तो उद्योग चालू ठेवला. बालपणीच गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्यांनी त्या संग्रहालयाला दिले. तिथे वीस हजारांच्या आसपास वस्तू आहेत, पैकी प्रत्यक्ष मांडलेल्या अडीच हजारांच्या घरात. राजेरजवाड्यांच्या तलवारी तर कोणीही जपतो. केळकरांनी दिवे जपले, कुलपे जपली, वज्री जपली, आणि अडकित्ते जपले. तिथल्या कपाटापुढे मी प्रथम उभा राहिलो तेव्हा माझ्या मनात सौंदर्याचा विचार आला नाही. मला एवढेच वाटले, की यांतला प्रत्येक अडकित्ता कोणाच्या तरी कनवटीच्या चंचीतून निघाला आहे आणि त्या माणसाचे नाव कुठेच लिहिलेले नाही.

दुसरा पूर्वज अगदीच अनपेक्षित. सॅम्युएल आयलेनबर्ग हे पोलंडमध्ये जन्मलेले, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले विख्यात गणिती. त्यांना हिंदुस्थानातल्या आणि आग्नेय आशियातल्या कलावस्तूंचा नाद लागला, आणि त्यांच्या संग्रहातल्या शेकडो वस्तू न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात गेल्या. ते अडकित्तेही जमवीत. त्यांच्या अडकित्त्यांवर हेन्री ब्राउनरिग यांनी लिहिलेले एक सचित्र पुस्तकच आहे. वॉर्सात जन्मलेला मनुष्य जन्मभर गणित करतो आणि फावल्या वेळात सुपारी कातरायची हत्यारे गोळा करतो, हे वाचल्यापासून मला घरात बोलायला थोडे बळ आले. याच आयलेनबर्ग यांनी १९४५ साली सॉन्डर्स मॅक लेन यांच्याबरोबर गणितात एक नवी शाखा सुरू केली. आमच्या मंडळातल्या अभियंता मुलीने मला ती समजावून सांगण्याचा प्रयत्न केला. माझ्या डोक्यात शिरले ते एवढेच, की त्या गणितात वस्तू स्वतः काय आहे याला फारसे महत्त्व नाही. वस्तूवस्तूंमध्ये संबंध काय आहे, ते पाहायचे.

"म्हणजे आमच्या मास्तरांसारखेच की!" वकीलसाहेब म्हणाले. ते का म्हणाले, हे सांगण्यापूर्वी डॉक्टरांना पुढे आणले पाहिजे.

आमचे दंतवैद्य दिवसभर लोकांची तोंडे पाहतात. सुपारी सतत चघळणाऱ्यांच्या गालांच्या आतला मऊ भाग हळूहळू ताठर होत जातो आणि तोंड उघडेनासे होते. निरोगी माणसाच्या तोंडात आपली तीन बोटे उभी मावतात. डॉक्टरांकडे विशी-पंचविशीची मुले येतात, त्यांच्या तोंडात एक बोट जेमतेम जाते. त्यांतल्या काहींचे पुढे काय होते ते दिवाळीच्या अंकात लिहिणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नुसत्या सुपारीलाही, तंबाखू नसतानाही, कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहे. हे सगळे डॉक्टर रोज रोग्यांना सांगतात, आणि त्यांच्या दवाखान्याच्या भिंतीवर काचेच्या पेटीत नऊ अडकित्ते लावलेले आहेत.

"हा काय प्रकार?" असे मी एकदा त्यांना स्पष्टच विचारले.

"खाटकाला गाय आवडू नये असे कुठे आहे?" ते म्हणाले. मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "माझे थोरले काका सुपारीनेच गेले. त्यांचा अडकित्ता घरच्यांनी विहिरीत टाकला. मला तो हवा होता."

यावर कोणी काही बोलले नाही. डॉक्टर पुढे म्हणाले, की अडकित्त्याने माणूस वाचत होता असे मुळीच नाही. पण सुपारी कातरायला वेळ लागे आणि माणसे लागत. आता ती कातरलेली, रंगवलेली, वास लावलेली, पुडीत येते. पुडी फाडायला एक क्षण पुरतो आणि सोबत कोणी लागत नाही.

पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. सातारा जिल्ह्यातल्या एका आठवडी बाजारात मला अडकित्ते घडवणारा एक लोहार भेटला. मालमोटारीच्या जुन्या कमानपाट्याचे पोलाद तो वापरतो. त्याने मला अर्ध्या तासात जे शिकवले ते कुठल्या पुस्तकात नाही. अडकित्ता मिटला की पात्यापाशी उजेड दिसता कामा नये, आणि मुठीपाशी मात्र करंगळी आत गेली पाहिजे. नाहीतर सुपारी फुटता क्षणी तळहाताची कातडी चिमटते. खिळा ठोकणे ही सर्वांत अवघड गोष्ट. एक दांडा आडवा धरून दुसरा सोडला, तर तो आपल्या वजनाने सावकाश खाली यावा. धाडकन पडला तर खिळा सैल, अडकला तर घट्ट. त्याच्या आजाच्या वेळी बाजाराच्या दिवशी अडकित्ते हातोहात खपत. आता वर्षाकाठी दोन-तीन. बाकी कोयते, विळे आणि खुरपी.

मी त्याला एक अडकित्ता घडवून द्यायला सांगितले.

"कुणाच्या हातासाठी?" त्याने विचारले. "बाईमाणूस हाय का बापय?"

मी म्हणालो, "कोणाच्या हातासाठी नाही. संग्रहासाठी हवा आहे. ठेवायला."

त्याने भात्यावरचा हात थांबवला आणि माझ्याकडे पाहिले. चेष्टा नव्हती, राग नव्हता, अडचण होती. "मग धार कशापायी लावू?" तो म्हणाला.

धार लावून घेतली मी. पैसेही त्याने सांगितले तेवढेच दिले. पण तो प्रश्न माझ्याबरोबर एस.टी.त बसून पुण्याला आला. आम्ही जमवणारे लोक आपल्याला रक्षणकर्ते समजतो, आणि काही अंशी ते खरेही आहे. आम्ही नसतो तर यांतले निम्मे अडकित्ते भट्टीत वितळले असते. परंतु आमच्यापैकी बहुतेक जण जुनाच अडकित्ता शोधतात. जुन्याला पाच हजार मोजणारा मनुष्य नव्याला पाचशे देताना कुरकुरतो. मेलेल्या लोहाराचे कौतुक करायचे आणि जिवंताला कोयते घडवू द्यायचे, असा हा न्याय आहे. मंडळात मी हे बोलून दाखवले तेव्हा थोडी वादावादी झाली. शेवटी ठरले, की दर वर्षी प्रत्येकाने त्याच्याकडून एक तरी अडकित्ता घडवून घ्यायचा. हा ठराव आम्ही पाळत आहोत. लोहार मात्र अजून दर वेळी विचारतो, कुणाच्या हातासाठी. आणि आता आम्ही खरेखुरे नाव सांगतो, बहिणीचे, सुनेचे, शेजारणीचे. या बायका त्याने सुपारी फोडत नाहीत. दिवाळी सरून थंडी पडली, की डिंकाच्या लाडवांसाठी खारका कातरायला अडकित्त्यासारखे दुसरे हत्यार नाही, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे.

आता मास्तर.

मास्तरांपाशी एकशे बारा अडकित्ते होते. त्यांत पाहण्यासारखे पंधरा. बाकी सारे साधे लोखंडी. 'मास्तर, हे काय मोड जमवली आहे?' असे आम्ही त्यांना थट्टेने म्हणत असू. मास्तर हसत आणि आपली नोंदवही काढत. आम्ही सर्वजण नोंदी ठेवतो: धातू, लांबी, वजन, ठिकाण, किंमत. मास्तरांच्या वहीत यातले काही नव्हते. तिथे होते ते असे:

'क्र. १७. लोखंडी. बाळंतिणीच्या उशाखाली ठेवण्याचा. सात बाळंतपणे.'

'क्र. ४१. पितळी, मोराचा. सुनेने विकला. सासूबाईंना कळू नये अशी विनंती.'

'क्र. ५८. डावखुऱ्या गुरवाचा. झीज उलट्या अंगाला.'

'क्र. ६४. भावाभावांत वाटणी झाली तेव्हा दोघांनाही नको होता.'

आणि प्रत्येक नोंदीखाली पूर्ण पत्ता. घर, आळी, गाव, तालुका, जिल्हा. पिन कोड देशात १९७२ साली आला, आणि मास्तरांचा त्यावर असा विश्वास होता की सहा आकडे नसलेला पत्ता त्यांना अर्धवट वाटे. अडकित्ता कोणाकडूनही घेतला, मोडवाल्याकडून घेतला तरी, तो मूळ कोणत्या घरातून आला ते शोधून काढल्याखेरीज ते वहीत क्रमांक घालीत नसत. एका अडकित्त्यासाठी ते तीन गावे हिंडले होते.

गेल्या वर्षी आषाढात मास्तर गेले. तेरावा झाल्यावर आठ दिवसांत एक व्यापारी काकूंकडे आला आणि सगळ्या संग्रहाला एकरकमी आकडा बोलला. आकडा बरा होता. त्याला वही नको होती. डॉक्टरांचे म्हणणे, संग्रह फुटू देऊ नये, आपण सर्वांनी वर्गणी काढून घ्यावा. वकीलसाहेबांनी एका संग्रहालयाकडे विचारणा केली. त्यांना पाहण्यासारख्या पंधरांपैकी अकरा चालणार होते. मी मधला मार्ग सुचवला, तो काय होता हे आता मलाही आठवत नाही. काकू ऐकत होत्या. सगळ्यांचे बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "यांनी पत्ते कशासाठी लिहून ठेवलेत? चाळीस वर्षे मी ऐकत आले, पत्ता लिहिलेली वस्तू घरात ठेवून घ्यायची नसते."

त्यानंतर बोलण्यासारखे काही उरले नाही. पोस्टकार्डेच लिहायची असा काकूंचा आग्रह. एकशे बारा कार्डे आम्ही पाच जणांनी दोन रविवार बसून लिहिली. मजकूर सर्वांना एकच: आपल्या घरचा अमुक एक अडकित्ता आमच्याकडे आहे, हवा असल्यास विनामूल्य परत घेऊन जावा.

अडतीस कार्डे 'पत्ता सापडत नाही' म्हणून परत आली. पंचेचाळीस घरांकडून काहीच कळले नाही. एकोणतीस उत्तरे आली. त्यांत सहा जणांनी लिहिले, की आम्हाला गरज नाही, योग्य वाटेल ते करावे. चौघांनी अडकित्त्याची आज बाजारात काय किंमत येईल ते विचारले. एकोणीस जणांना तो हवा होता.

क्रमांक एक्केचाळीसच्या बाबतीत आम्ही जरा घाबरलो होतो, कारण सुनेची विनंती वहीत स्पष्ट होती. म्हणून कार्ड सुनेच्या नावाने धाडले. उत्तर सासूबाईंचे आले. त्यांनी नातवाकडून लिहवून घेतले होते. अडकित्ता विकल्याचे मला त्याच दिवशी कळले होते, तेव्हा घरात मुलाच्या फीचे पैसे नव्हते, सुनेला तुम्ही काही बोलू नका. आणि मोर शाबूत आहे का ते कळवावे. मोर शाबूत होता. डॉक्टर स्वतः नेऊन देऊन आले. सासूबाईंच्या तोंडात दात एकही नाही, असे त्यांनी व्यावसायिक समाधानाने सांगितले.

क्रमांक सतरा न्यायला सांगलीहून एक जोडपे आले. बाई साठीच्या. त्या सातांतल्या सर्वांत धाकट्या. त्यांनी चहा घेतला नाही, आधी अडकित्ता मागितला. हातात घेऊन दोनदा उघडला, मिटला. आईचा हात लहान होता, एवढेच म्हणाल्या. मग पाते उजेडाकडे धरून त्यांनी काकूंना विचारले, "याला धार लावून मिळेल का हो इथे कुठे?" मी लोहाराचा पत्ता दिला. त्यांच्या वाटेवरच होता.

एकोणीस गेले, अकरा संग्रहालयाला दिले. उरलेले ब्याऐंशी सध्या माझ्याकडे आहेत, वहीसह. सौभाग्यवती त्यावर काय म्हणाल्या ते लिहीत नाही. परत आलेल्या अडतीस पत्त्यांचा शोध वकीलसाहेबांनी हाती घेतला आहे. सात-बाराचे उतारे, ग्रामपंचायतीचे शिपाई, जुने तलाठी, कोणालाही ते सोडत नाहीत. सहा घरे आतापर्यंत सापडली. क्रमांक चौसष्टच्या दोन भावांपैकी एकाचा मुलगा कऱ्हाडला असतो असे मागल्या आठवड्यात कळले. फोनवर तो म्हणाला, की चुलत्याकडे पंचवीस वर्षांत जाणेयेणे नाही, पण अडकित्ता आणणारच असाल तर मी चुलतभावालाही बोलावतो, कोणी घ्यायचा ते तुमच्यासमोर ठरवू.

येत्या रविवारी आम्ही निघत आहोत. गाडी डॉक्टरांची. काकूंनी बरोबर द्यायला डिंकाचे लाडू करायला घेतले आहेत, आणि त्यासाठी क्रमांक तेहतीस मला परत मागून नेला आहे.